कर्ण्याची दुसरी चाल

झेल्मानं तिसरी हाक मारली ती रागानंच. तव्यावरची मासळी करपायला लागली होती, नारळाचा पाव कापून ठेवलेला सुकत होता, आणि म्हातारा धक्क्यावरच्या बाकावरून हलायचं नाव घेत नव्हता. "कान पण गेले काय आता?" ती खिडकीतून ओरडली. "का तिथंच आणून भरवू?" मग तिला दिसलं, की पप्पांच्या हातातलं फडकं वाऱ्यानं उडून त्यांच्या पायाशी पडलंय आणि त्यांनी ते उचललेलं नाही. पप्पांनी, बर्चेल डाउन्सनी, खाली पडलेली वस्तू उभ्या जन्मात तशी पडू दिली नव्हती. झेल्मानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, हात पुसले आणि धक्क्याच्या फळ्यांवरून ती सावकाश चालत गेली. घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही, हे तिला निम्म्या वाटेतच कळलं होतं.

मांडीवर पितळी कर्णा आडवा होता. दर शनिवारी सकाळी ते तो पुसत. पुढचं उमललेलं तोंड चकचकीत झालं होतं. मागची नळी अजून मळकीच होती.

खाडीकाठच्या तिन्ही गावांत कुणालाही विचारलं असतं, की हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस करतो काय, तर होड्या बांधतो हे लोकांनी मागाहून सांगितलं असतं. आधी सांगितलं असतं, की तो मरणाऱ्याजवळ बसतो. ब्लूफील्ड्स शहरातलं इस्पितळ बोटीनं चार तासांवर. तिथवर नेण्यात अर्थ उरला नाही, की लोक बर्चेलला बोलावणं धाडत. ते एक पत्र्याचं घमेलं, मऊ फडकं आणि लहान चमचा घेऊन येत. ओठ ओले करत, पाय चेपत, कुणी मागितलंच तर एखादं गीत म्हणत. प्रार्थना लांबवत नसत. "देव बहिरा नाय," म्हणत. कुणी तीन दिवस घेतले तर तीन दिवस बसत. त्यांच्या दारुड्या चुलतभावापाशी बसले, युद्धात त्यांची होडी जाळणाऱ्या माणसापाशीही बसले. खोलीत कुणी नाही आणि माणूस निघून गेला, असं होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आणि तेच बर्चेल स्वैपाकघरापासून वीस पावलांवर एकटे गेले. जाताना लेकीचा शेवटचा शब्द कानावर पडला असलाच, तर तो कान गेल्याचा.

त्यांच्या गावची, कॉटन पॉइंटची, मंडळी मोरेवियन पंथाची ख्रिस्ती. या मंडळीत माणूस गेला की घंटा वाजत नाही, कुणी निरोप घेऊन दारोदार फिरत नाही. देवळाच्या ओट्यावरून कर्णा वाजतो. तीन चाली वाजतात. पहिली सांगते, की आपल्यातलं कुणीतरी घरी गेलं. तिसरी म्हणजे पहिलीच, पुन्हा. मधली जी दुसरी, ती सांगते की गेलं कोण. मुलाची चाल वेगळी, बिनलग्नाच्या माणसाची वेगळी, नवऱ्याची, बायकोची, विधुराची, विधवेची, सगळ्या वेगळ्या. पहिली ऐकली की खाडीतल्या होड्या थांबतात, वल्ही पाण्याबाहेर येतात, टोप्या उतरतात. दुसरी सुरू झाली की जो तो मनातल्या मनात घरं धुंडाळू लागतो. तिसरी संपेस्तोवर बहुतेकांनी नाव ओळखलेलं असतं.

बर्चेल चौदाव्या वर्षी हा कर्णा शिकले, बापाकडून. बाप गेला तेव्हा बापाची चाल त्यांनीच वाजवली आणि मग पन्नासेक वर्षं गावातला एकही माणूस त्यांच्या श्वासावाचून गेला नाही. मोठ्या वादळात देवळाचं छप्पर उडालं, त्या रात्री त्यांनी कर्णा दोरीनं छातीला बांधला होता. त्याच्या पोटाला पडलेला पोचा आणि त्यांच्या बरगडीवरचा वण एकाच दिवसाचा. युद्धाच्या वर्षी गाव रिकामं झालं. बायका, पोरं, कोंबड्यासुद्धा बोटीत घालून लोक ब्लूफील्ड्सला गेले. उठता न येणारी पाच म्हातारी माणसं मागं राहिली आणि त्यांच्यासाठी बर्चेल राहिले. त्यातली दोघं त्या पावसात गेली. बर्चेलनी एकट्यानं खड्डे खणले, आणि दोन्ही वेळा ओट्यावर उभं राहून तिन्ही चाली वाजवल्या. समोर बंद दारं आणि गवतात सुटलेलं एक डुक्कर.

झेल्मा तेव्हा पंधराची. परत आल्यावर तिनं विचारलं होतं, "कुणासाठी वाजवलंत पप्पा? ऐकायला कोण होतं?"

"कोण नाय म्हणून सांगायचं नाय व्हय?" ते म्हणाले. "मेलेल्याची खबर घरात ठेवायची नसते, बाय. ती गावाची."

हे वाक्य झेल्माला तेव्हापासून पाठ होतं, आणि गेली अकरा वर्षं ते तिला टोचत होतं.

तिची आई ओरिस, झेल्मा नऊ वर्षांची असताना कोस्टा रिकातल्या लिमोनला गेली. सहा महिन्यांसाठी, एका घरी धुणंभांडं करायला. पहिलं वर्षभर दर महिन्याला पत्र आलं, सोबत साबण, फ्रॉकाचं कापड. मग नुसतं नाताळचं पत्र. मग तेही नाही. गावचा एकजण तिकडून आला, त्यानं सांगितलं की ओरिस बाजारात दिसली, अंगानं भरलीय, बरोबर रेल्वेतला एक माणूस होता आणि ती हसत होती. बर्चेलनी ऐकून घेतलं आणि त्याला कॉफी पाजली.

सात वर्षांनी मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांनी, त्यांना बोलावून समजावलं, की बाबा रे, ही गेली असंच धर, आम्ही मंडळीच्या वहीत तसं लिहितो, दुसरं घर कर. दुसरं घर म्हणजे कुठलं तेही सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारची आयव्हा. तिचा नवरा कासवं धरायला गेला तो परतला नव्हता. त्याची होडी तेवढी उलटी सापडली. दर रविवारी ती नारळाच्या रसात शिजवलेली मासळी आणि कसाव्याचे कंद झाकून आणून ठेवायची, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाही. बर्चेल वडिलांना म्हणाले, "माझी बायको लिमोनला हाय. मेल्याची बातमी आली नाय. मी आपल्या मनानं तिला कशी मारू?"

दर सप्टेंबरात विवाहितांचं प्रीतिभोजन होई. जोडप्याला दोन गोड पाव आणि दोन मग कॉफी. बर्चेल नवऱ्यांच्या बाकावर बसत, दोन पाव घेत, एक खात आणि दुसरा रुमालात बांधत. गाव हसायचं. "बर्चेल, लिमोनला पोचेस्तोवर दगड होईल त्याचा." तेही हसत. "कॉफीत बुडवील ती." घरी येऊन तो पाव झेल्मापुढं ठेवत. "आईचा वाटा." झेल्मा तो कोंबड्यांना घालायची. पुढं तिचं लग्न झालं, नवरा जहाजावर कामाला गेला तो तिकडचाच झाला, आणि तान्ह्या शार्लीनला घेऊन ती याच घरात परत आली. पाव येतच राहिला. आपण मेलो तर आपली दुसरी चाल कोणती, हा विचार झेल्मा मनात येऊ देत नसे.

अकरा वर्षांमागं पत्र आलं. ब्लूफील्ड्सहून टपालाची पिशवी यायची ती बर्चेलच धक्क्यावर उघडत. ज्यांना दिसत नाही, वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवत. या पाकिटावर झेल्माचं नाव होतं आणि शिक्का लिमोनचा. त्यांनी ते फोडलं नाही. टोपी हातात घेऊन ते स्वैपाकघराच्या दाराशी आले. "तुझं हाय," म्हणाले, आणि तिथंच उभे राहिले.

पत्र एका मुलीचं होतं. ओरिसला तिकडं झालेली मुलगी. आई फेब्रुवारीत साखरेच्या दुखण्यानं गेली. शेवटी तुमचं नाव काढत होती. तुमचे वडील हयात असतील तर त्यांना सांगावं. एवढंच.

झेल्मानं कागद घडी करून खिशात घातला. "ओळखीची हाय एक," ती म्हणाली. "तिकडं कामाला ये म्हणते."

म्हाताऱ्यानं टोपी हातात फिरवली. "जाणार काय?"

"नाय."

"बरं," म्हणाले, टोपी डोक्यावर ठेवली आणि उरलेली पत्रं वाटायला गेले.

का सांगितलं नाही, हे तिनं स्वतःला पुष्कळदा विचारलं होतं. पहिल्या दिवशी वाटलं, त्या बाईसाठी हे रडणार, ओट्यावर उभे राहून सगळ्या गावादेखत बायकोची चाल वाजवणार. नऊ वर्षांच्या पोरीला टाकून गेलेल्या बाईला एवढा मान कशाला? हे कारण तिला सांगता येण्यासारखं होतं. दुसरं नव्हतं. पप्पा विधुर झाले असते तर रविवारचं ते पातेलं उंबऱ्याच्या आत आलं असतं आणि आयव्हाही आली असती. मग चूल कुणाची? झेल्माकडं या जगात एक चूल होती, एक लेक होती आणि एक बाप होता, आणि बाप आधीच सगळ्या खाडीत वाटलेला होता. नंतर सांगू, नंतर सांगू करता वर्ष गेलं. मग सांगणं म्हणजे वर्षभर का लपवलंस याचं उत्तर देणं झालं. मग पाच वर्षं गेली.

त्या वर्षापासून सप्टेंबरातला पाव मात्र ती कोंबड्यांना घालेना. एकटी बसून खायची. शेवटच्या तुकड्यापर्यंत.

आता बर्चेलना आत आणून खाटेवर निजवलं होतं. आयव्हा आली. आज ती न थांबता उंबरा ओलांडून आत आली, पेटीतून त्यांचा पांढरा सदरा काढला, इस्त्रीत निखारे भरले आणि टेबलावर चादर पसरली. रडली नाही. झेल्माला एवढंच म्हणाली, "त्याला कॉलर कडक लागते. तुझ्या हातची मऊ पडते." एरवी झेल्मानं उलटून दोन शब्द ऐकवले असते.

पाळक आले. कथबर्ट नावाचे तरुण पाळक, गावात येऊन तीनच वर्षं झालेले. त्यांनी दोन शब्द प्रार्थना केली आणि मग हळूच म्हणाले, की होड्या लांब जायच्या आत कर्णा वाजवून घेऊ. शार्लीन बाहेर पायरीवर बसून कर्णा पुसत होती. आजोबांचं अर्धं राहिलेलं काम ती पुरं करत होती. चोवीस वर्षांची, गावच्या शाळेत शिकवते. बाराव्या वर्षी तिनं हट्टानं कर्णा ओठाला लावला, तेव्हा मंडळीचे वडील कुरकुरले होते, की मुलीनं कसा वाजवायचा. बर्चेल म्हणाले होते, "मुली मरत नाय काय? मग वाजवला म्हणून काय बिघडलं?"

"नवऱ्याची चाल ना?" पाळकांनी रीत म्हणून विचारलं. "वहीत तसंच आहे."

"आजानं मला सांगून ठेवलंय," शार्लीन मान वर न करता म्हणाली. "बातमी आली नाय तोवर मी नवरा. आली तर विधुर. आपल्या मनानं ठरवायचं नाय. चुकीची वाजवलीस तर उठून बसेन म्हणाला." तिला हसू आलं, आणि ती पुन्हा नळी घासू लागली.

झेल्मा आत गेली, मिठाच्या डब्यामागून लिमोनचा तो कागद काढला, कमरेच्या खिशात घातला आणि त्या दोघांच्या मागून देवळाकडं निघाली. वाट केवढीशी. डाव्या हाताला दफनभूमी, सगळे दगड सारख्या मापाचे, जमिनीलगत पडलेले, कुणाचा कुणाहून उंच नाही. बर्चेलनीच त्यातले निम्मे बसवले होते. तिला वाटलं, आता गप्प राहिलं तरी चालेल. म्हाताऱ्यानं स्वतःला नवरा म्हणूनच जोखलं होतं. नवऱ्याची चाल वाजेल, सगळे मान डोलावतील, संध्याकाळी दगड बसेल. कागद चुलीत टाकला की झालं. कुणाला काही कळणार नाही.

ओट्यावर शार्लीननं कर्णा उचलला, ओठ ओले केले.

"थांब," झेल्मा म्हणाली. "विधुराची."

दोघं तिच्याकडं बघत राहिले. तिनं कागद पाळकांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, तारीख पाहिली, पुन्हा वाचला आणि शार्लीनला दिला. शार्लीनला वाचायला फार वेळ लागला. कागदावर मजकूर होता दोन बोटांएवढा.

"आजा दर साल पाव आणायचा," ती अखेर म्हणाली.

"व्हय."

"अकरा वर्षं. आणि तू खायचीस."

"मी खायची."

पाळक म्हणाले, वहीत बदल करायचा तर आधी मंडळीच्या वडिलांच्या सभेपुढं ठेवावं लागेल, लोक विचारतील, तुम्हालाच त्रास होईल. आज नवऱ्याची वाजवू, मागाहून बघू. भला माणूस. तो तिला वाट काढून देत होता.

"मागाहून नको," झेल्मा म्हणाली. "आणि शार्लीन, आधी माझ्या आईची वाजव. तिन्ही. तिची कुणी वाजवलीच नाय. मग पप्पांची."

"दोन्ही एकामागून एक? लोकांना काय कळायचं?"

"कळेल. तुझ्या आजानं शिकवलंय सगळ्यांना ऐकायला."

शार्लीननं आईकडं पाहिलं नाही. खाडीकडं तोंड केलं आणि फुंकर घातली.

पहिल्या चालीला होड्या थांबल्या. लांबवर कोळंबीची जाळी टाकणाऱ्यांनी हात आवरले. मग दुसरी चाल, बायकोची. काठावर धुणं धुणाऱ्या दोघीतिघी चमकून एकमेकींकडं बघू लागल्या, एकीनं वळून स्वतःच्या घराकडं पाहिलं. कुणाची बायको? रात्री तर सगळ्या धडधाकट होत्या. धक्क्याजवळच्यांना बर्चेल गेल्याचं कळलं होतं, ते तर पार गोंधळले. तिसरी चाल संपली. शार्लीन थांबली. आजोबांनी शिकवल्याप्रमाणं तिनं मनात दहा अंक मोजले आणि पुन्हा पहिली चाल धरली.

आणि मग विधुराची. ती चाल सगळ्यांत साधी, अर्ध्यावर आल्यासारखी थांबते आणि पुढं जात नाही. शार्लीनचा स्वर एके ठिकाणी फाटला. तिनं तो तसाच ओढून नेला. खाडीच्या मधोमध एका होडीत एक म्हातारा टोपी छातीशी धरून उभा राहिला. त्यानं बहुधा दोन्ही नावं जोडली होती. पाण्यावर एकही वल्हं हलत नव्हतं, आणि देवळाच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या झेल्माला वाटलं, की सगळी खाडी आपल्याकडं वळून बघतेय.

तिसरी चाल संपली तरी ती हलली नाही. लेकीनं कर्णा फडक्यात गुंडाळला, पोटाशी धरला आणि तिच्या बाजूनं पायऱ्या उतरून दफनभूमीकडं निघून गेली. झेल्मा एकटी घरी आली.

आयव्हा टेबलाशी उभी होती. इस्त्री बाजूला, विटेवर ठेवलेली. तिला दोन्ही ऐकू आल्या होत्या.

"कधी?" तिनं विचारलं.

"अकरा वर्षं झाली."

"त्याला ठावं होतं?"

झेल्माला धक्क्यावरून आलेला, टोपी हातात घेऊन दारात उभा राहिलेला माणूस आठवला. जाणार काय, एवढंच त्यानं विचारलं होतं. "माहीत नाय," ती म्हणाली. "मी सांगितलं नव्हतं."

आयव्हानं सदऱ्याच्या कॉलरवरून बोट फिरवलं, कुठं चुणी राहिलीय का ते पाहिलं. झेल्माला वाटलं आता ही बोलेल, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

"मला तरी सांगायचंस गो," आयव्हा म्हणाली. "मी तुझ्या चुलीला हात लावला नसता. नुसतं कळलं असतं तरी मला पुरलं असतं."

मग तिनं खाटेजवळ जाऊन बर्चेलच्या कपाळावर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला. जाताना उंबऱ्याशी तिचं पाऊल सवयीनं अडखळलं. "कॉलर झाली," ती पाठमोरीच म्हणाली. "बाह्या राहिल्यात."

बाहेर धक्क्याला होड्या लागू लागल्या होत्या. माणसं उतरत होती, हलक्या आवाजात बोलत होती, पण आत कुणी येत नव्हतं. झेल्मानं घमेल्यात पाणी घेतलं, फडकं भिजवलं आणि पप्पांचे ओठ पुसले. ते अगोदरच स्वच्छ होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. इस्त्रीतले निखारे निवत आले होते. तिनं त्यांवर फुंकर घातली आणि सदऱ्याची डावी बाही टेबलावर पसरली.